रक्ताचं ‘अभिसरण’ की ‘परिचलन’?

खानापूरहून एका ताईंनी विचारलं आहे: ‘वडिलांचं डावं फुप्फुस कर्करोगामुळे पूर्ण काढलं. बेळगावच्या दवाखान्यात कन्नड फलकावर “रक्तपरिचलने” असं होतं, आपण रक्ताभिसरण म्हणतो. दोन्ही शब्द संस्कृतातलेच, मग वेगळे का? आणि हृदयाच्या बीएनपी (ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड) चाचणीत “ब्रेन” कुठून आला?’

ताई, आधी तुमच्या वडिलांना लवकर आराम पडो.

‘सृ’ म्हणजे सरणं, वाहणं. ‘अभि’ म्हणजे एखाद्याकडे, एखाद्याच्या दिशेने. प्रियकराला भेटायला निघालेली ती अभिसारिका. शाळेत बहिर्गोल भिंगाला आपण अभिसारी भिंग म्हणतो, कारण ते किरणांना एका बिंदूकडे आणतं. म्हणजे ‘अभिसरण’ या शब्दात जाणं आहे, फिरून परत येणं नाही. तो अर्थ वापराने चिकटला, आणि आता तो इतका पक्का आहे की शब्द चुकीचा म्हणता येणार नाही. ‘परिचलना’तल्या ‘परि’चा अर्थ मात्र भोवती, सभोवार. परिक्रमा, परिघ आठवा. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली जे मांडलं ते नेमकं हेच, की रक्त वर्तुळात फिरतं. ते वर्तुळ कन्नड शब्दात उघड दिसतं, आपल्या शब्दात ते मनात धरावं लागतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे वर्तुळ फार महत्त्वाचं. हृदयाची उजवी बाजू अंगभर फिरून आलेलं सगळं रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तिथून ते डाव्या बाजूला येतं. वाटेत दुसरा फाटा नाही. एक फुप्फुस गेलं की तेवढंच रक्त उरलेल्या फुप्फुसातून जातं. एरवी मिटलेल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, उघड्या असलेल्या रुंदावतात, म्हणून बसल्याजागी दाब बऱ्याचदा फारसा वाढत नाही. जिना चढताना मात्र उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. उजव्या फुप्फुसात निम्म्याहून थोडं जास्त रक्त जातं, त्यामुळे ते काढलं तर भार डावं काढल्यापेक्षा अधिक पडतो.

या ताणातूनच तुमची चाचणी येते. हृदयाच्या भिंती ताणल्या की त्या रक्तात संप्रेरक सोडतात. त्यामुळे मूत्रपिंडं सोडियम आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. असं संप्रेरक हृदयाच्या कर्णिकांत, म्हणजे वरच्या कप्प्यांत, असतं हे १९८१ साली कॅनडात अदोल्फो द बोल्ड यांनी उंदरांवर दाखवलं. तोवर हृदयाला निव्वळ पंप समजत. त्याचं भावंड, म्हणजे तुमच्या चाचणीतलं बीएनपी, १९८८ साली जपानमध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात ‘ब्रेन’ बसला. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या जवनिकांतून, म्हणजे खालच्या कप्प्यांतून, येतं, पण नाव बदललं नाही. म्हणजे तुमच्या वडिलांच्या अहवालातल्या त्या ‘बी’ अक्षराचा त्यांच्या मेंदूशी काही संबंध नाही. फुप्फुस काढल्यानंतरच्या दिवसांत हा आकडा वाढलेला आढळतो. वयाने आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यानेही तो वाढतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून घरी निष्कर्ष काढू नका.

‘संप्रेरक’ हा शब्द मला मराठीतल्या उत्तम घडणावळींपैकी वाटतो. ‘हॉर्मोन’ हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली ग्रीकमधून घेतलं. त्या ग्रीक धातूचा अर्थ हलवणं, कामाला लावणं. आपल्या ‘प्रेरणे’तही तेच आहे. हृदय ग्रंथी नाही, मग त्याच्या स्रावाला हा शब्द कसा, अशी शंका आली तर सोडून द्या. शब्दात ग्रंथी कुठेच नाही, कामाला लावणं आहे.

लिहिताना मी रक्ताभिसरणच लिहीन. पण वडिलांना समजावताना ‘रक्त गोल फिरतं, आणि ते सगळं आता एकाच फुप्फुसातून जातं’ असं सांगा. दोन जिने चढल्यावर दम का लागतो ते त्यांना लगेच उमगेल.

एक सांभाळा. घरी आपण हृदयाला काळीज म्हणतो, आणि मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. डॉक्टरांसमोर काळजात दुखतंय म्हणण्याऐवजी नेमकं कुठे दुखतंय ते हात ठेवून दाखवा. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर ‘गुंडिगे’ म्हणालात तरी हृदय म्हणून कळेल.