ती हल्ली काही सांगत नाही

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात ती चार वेळा चक्कर येऊन पडली. पहिल्यांदा रांगेत बराच वेळ उभी असताना, दुसऱ्यांदा जेवणानंतर मैदानावर पळायला गेली तेव्हा, तिसऱ्यांदा रक्त तपासायला नेले असताना आणि चौथ्यांदा पुन्हा रांगेत. तिला लहानपणापासून शिंका आणि अंगावर पित्त उठण्याचा त्रास आहे. ऍलर्जी असलेल्या मुलांना असा चक्कर येण्याचा विकार होतो, असे मी पुष्कळ वाचले आहे. म्हणून मी तिचे दूध, अंडी, गहू आणि दाणे बंद केले. यजमान म्हणतात, वाढत्या वयात असे होतेच, तूच तिला आजारी करून ठेवले आहेस. ती पडली की आमचे भांडण ठरलेले. मैदानावरून आणले तेव्हा तळहात खाजत होते असे काहीतरी ती म्हणाली होती. हल्ली मात्र विचारले तरी काही सांगत नाही. हे ऍलर्जीचेच आहे, हे मी यांना कसे पटवून देऊ?
— हरलेली आई (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात यजमानांवर दीड पान आहे, सासूबाईंवर एक परिच्छेद आहे आणि मुलीच्या तळहातांवर एक वाक्य आहे, तेही ‘असे काहीतरी’ म्हणून बाजूला सारलेले. मला तुमच्या भांडणात काडीचाही रस नाही. मला त्या तळहातांविषयी बोलायचे आहे.

साध्या चक्करेत तळहात खाजत नाहीत. बराच वेळ उभे राहून किंवा सुई पाहून मूल पडते, तेव्हा मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते. चेहरा पांढराफटक होतो, गार घाम सुटतो, नाडी बहुधा मंद लागते आणि आडवे केले की मूल थोड्याच वेळात शुद्धीवर येते. ऍलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेत घडते ते निराळेच. शरीरातील काही पेशी हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये एकदम सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. प्रतिक्रिया फार तीव्र असेल तर अवघ्या १० मिनिटांत रक्तवाहिन्यांतला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव असा निघून जाऊ शकतो. तिथे नाडी सहसा जलद असते आणि पडण्याआधी तळहात, तळपाय किंवा टाळू खाजणे, अंग लाल होणे, गांधी उठणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, पोटात कळ येणे यांपैकी काहीतरी बहुतेकदा होऊन गेलेले असते. ते होत असताना ज्याला कळते, असा माणूस अनेकदा एकच असतो, आणि तो म्हणजे स्वतः ते मूल.

तुम्ही चार पडण्यांचा एक आजार केला आहे, यजमानांनी त्याच चारांचे एक वाढते वय केले आहे, आणि या बाबतीत तुम्हा दोघांत मला काही फरक दिसत नाही. रांगेतली दोन आणि सुईपाशी आलेली एक, या तिन्ही चकरा वर्णनावरून साध्या वाटतात. मैदानावरची तशी वाटत नाही. काही जणांना एखादा पदार्थ एरवी पचतो, पण तो खाऊन दोन-चार तासांच्या आत पळापळ झाली की तीव्र प्रतिक्रिया येते. त्यामुळे ‘हे तर ती रोज खाते, तिला काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. तुमच्या मुलीला हेच आहे असे मी म्हणत नाही, कारण ते ठरवणे माझे काम नाही. तुम्ही वाचलेल्या माहितीविषयी म्हणाल, तर ऍलर्जी आणि उभे राहताच नाडी फार वाढण्याचा विकार काही मुलांत एकत्र दिसतात हे खरे आहे, पण एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही. त्या वाचनाच्या आधारावर चार पदार्थ बंद करणे हे पथ्य नव्हे, तो अंदाज आहे. आणि वाढत्या वयाची मुलगी पुरेसे खात-पीत नसेल तर रांगेत ती अधिक सहज पडेल, इतकेच त्यातून निष्पन्न होईल.

आता ती सांगत का नाही, याविषयी. तिने खाजेविषयी सांगितले, त्या संध्याकाळी घरात काय झाले ते तुम्हीच मूळ पत्रात लिहिले आहे : तुम्ही ‘बघा, मी म्हणत होते’ म्हणालात आणि यजमान ताटावरून उठून गेले. तेरा वर्षांच्या मुलीला यातून जे समजायचे ते समजले. तिच्या अंगात काय होते हे तिने उच्चारले की ते तिचे राहत नाही, कुणाच्या तरी बाजूचा पुरावा होते. म्हणून तिने पुरावा देणे बंद केले आहे. मला या पत्रात त्या मुलीची काळजी वाटते, तुमची नाही, आणि हे वाचून तुम्हाला राग आला तर खुशाल येऊ द्या.

तुम्ही एकच गोष्ट करायची आहे, आणि ती आजच. यजमान घरात नसताना तिच्याजवळ बसा, एक वही तिच्या हातात द्या आणि चारही वेळी पडण्याआधी काय काय झाले ते तिला तिच्या शब्दांत लिहू द्या. तुम्ही मध्ये बोलायचे नाही, दुरुस्ती करायची नाही आणि ‘मग, मी सांगत नव्हते का’ हे तर मुळीच म्हणायचे नाही. शेवटी तीनच प्रश्न विचारा : त्या दिवशी काय खाल्ले होते, कोणती गोळी घेतली होती आणि पळता पळता शुद्ध गेली की थांबल्यावर? तिसरा प्रश्न मी उगाच घातलेला नाही. धावत असतानाच शुद्ध हरपली असेल, किंवा कुटुंबात कुणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर ऍलर्जीच्या आधी हृदयाची तपासणी व्हायला हवी. हृदयाचा आलेख (ईसीजी) तर कोणत्याही परिस्थितीत काढून घ्या. ही वही घेऊन याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि तिथे तिला स्वतःला बोलू द्या. पथ्य काय ठेवायचे, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगायचे की नाही आणि ऍलर्जीतज्ज्ञांना दाखवायचे का, हे तिथे ठरेल. तोवर जेवणानंतर पळणे बंद, आणि एकटीने पळणेही बंद.

त्याआधीच पुन्हा खाज, गांधी किंवा श्वासाचा त्रास होऊन ती कोसळली, तर तिला आडवे करून पाय वर उचलून धरा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा; उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, श्वास लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. बरे वाटते म्हणाली तरी तिला उभे करू नका, कारण अशा वेळी अचानक उठून बसणे किंवा उभे राहणे जिवावर बेतू शकते. घरातली ऍलर्जीची गोळी तेव्हा पुरेशी नसते. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनच लागते. रुग्णालयात गेल्यावर ट्रिप्टेजच्या, म्हणजे अशा प्रतिक्रियेत त्याच पेशींतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्याच्या, तपासणीसाठी रक्त घेता येईल का ते विचारा. ते प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांतच घ्यावे लागते, दुसऱ्या दिवशी घेऊन उपयोग नसतो.

यजमानांना काय पटवायचे, हे डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मला पुन्हा लिहून विचारा. त्या पत्रात मुलीने वहीत लिहिलेले काही उतरवून पाठवणार असाल, तर आधी तिची परवानगी घ्या.