चिडचिड किती वाजता होते?

“मॅडम, मी पूर्वी अशी नव्हते. हल्ली मुलांच्या अंगावर ओरडते आणि रात्री एकटी रडत बसते. मला डिप्रेशन आलंय का?” चाळिशीतल्या एका शिक्षिकेनं विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) हीच काळजी घेऊन खूप जणी येतात, आणि आपला स्वभावच बिघडलाय असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

ओरडणं कधी होतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, “दिवसभरच.” मी तिला वहीत फक्त वेळा टिपायला सांगितल्या. काय खाल्लं ते किती वाजता, आणि राग आला किंवा गळून गेल्यासारखं झालं ते किती वाजता.

वहीतून वेगळंच दिसलं. पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचे डबे करायचे, आणि स्वतः मात्र उभ्याउभ्या दोन चमचे साखरेचा चहा आणि खारी. अकराच्या सुमारास वर्गात हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. मग पुन्हा चहा-बिस्किट. जेवण दोननंतर, तेही घाईत. त्यानंतर पोटात काही नाही आणि साडेसहाला घरी भडका. मार्गशीर्षातल्या गुरुवारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दुपारी डोळे मिटायचे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा तो सुमारे 20 टक्के वापरतो. साखर, मैदा, साबुदाणा नुसते खाल्ले की रक्तातली साखर झपाट्यानं चढते, ती उतरवणारं इन्सुलिनही जोरात येतं आणि काही जणींची साखर दोन-तीन तासांत तितक्याच वेगानं उतरते. ती सावरायला शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. भीती आणि संतापातही हेच रसायन काम करतं, म्हणून घाम, धडधड, अस्वस्थपणा अगदी मनाच्या आजारासारखा वाटतो. हे सगळं फक्त मनाचं आहे किंवा फक्त साखरेचं, असं नाही. दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत तर बऱ्याच जणींना हे जास्त जाणवतं.

तरी नुसत्या वहीवर विसंबायचं नव्हतं. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड ठीक होतं. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 5.8 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (5.7 ते 6.4 हा तो पट्टा). हिमोग्लोबिन मात्र 9.6, बाईचं निदान 12 हवं. थकव्याचा मोठा वाटा तिथे होता. लोह कमी असताना एचबीए1सी थोडं जास्तही दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन ती तपासणी नंतर पुन्हा करायला सांगितली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला होता. इतकं सर्रास आहे हे, आणि तरी आपण त्याला आळस म्हणतो.

आहाराचा तक्ता मी दिला नाही. “सगळ्यांचं झाल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही,” असं ती म्हणाली होती, आणि माझ्या मते खरा पेच तिथेच होता. म्हणून पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. मुलांचे डबे त्यानं घेतले. ती सकाळी बसून मुगाचं धिरडं किंवा अंडं-पोळी खाऊ लागली. शाळा सुटल्यावर भाजलेले चणे-शेंगदाणे. चहा जेवणापासून दूर, कारण तो लोह नीट शोषू देत नाही. उपासाला खिचडीऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही. रात्री जेवणानंतर सोसायटीत थोडी चक्कर.

संध्याकाळचा भडका काही आठवड्यांत बराच निवळला. सासूबाईंशी होणारी धुसफूस मात्र तशीच होती. ती खाण्यानं सुटणारी नव्हती, त्यावर आम्ही पुढे वेगळं काम केलं.

तुमचंही असंच होत असेल तर आधी वेळा टिपा आणि रक्त तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना थरथर, घाम आला तर लगेच साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. आणि पोटभर खाऊनही दोन आठवडे रोज मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.