कॅसेटचा दिवा करण्याआधी

प्रश्न : दांडिया बाजारातल्या घरात आजीच्या ओव्यांच्या कॅसेट सापडल्या. सून डिझायनर आहे, तिला त्यांचा दिवा करायचाय. एका फितीवर पांढरे डाग आहेत. काय करावं? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : ती बहुधा बुरशी. ती कॅसेट प्लेअरमध्ये घालूच नका. प्लेअरच्या हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) बुरशी इतर फितींना लागते. जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मग प्लेअरच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) संगणकावर वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये) उतरवा. सी-६० ला, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला, तासभर लागतोच. आवाज दबका आला तर फितीमागची फेल्टची इवली गादी निघाली असेल. कवचाचे पाच स्क्रू काढून रिळं दुसऱ्या कवचात बसवा. सूनबाईंची कल्पना छानच, पण दिव्याला रिकामी कवचं द्या आणि आत एलईडीच लावा. साध्या बल्बच्या उष्णतेनं हे प्लास्टिक वाकतं.