केल्टिक लोककथांवर मराठीत फँटसी लिहितोय, पण कार्टूनसारखी वाटते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की आयरिश आणि वेल्श कथांमधल्या पऱ्या घेतल्या, राणी आहे, दरबार आहे, जादू आहे, तरी भीती म्हणून वाटत नाही. माझ्या मते पहिली गडबड 'परी' या शब्दातच आहे. तो फारसीतून आला आणि येताना पंख घेऊन आला. आयर्लंडच्या लोककथेतली ही मंडळी माणसाएवढीच असतात. ती गुरं पाळतात, हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळतात आणि आपापसात मारामाऱ्याही करतात. पंख त्यांना इंग्लंडच्या रंगभूमीने आणि व्हिक्टोरियन चित्रकारांनी चिकटवले.

आयरिशमध्ये ज्या टेकाडात ती राहतात त्याला 'शी' म्हणतात. हे मराठीत जसंच्या तसं लिहिलंत तर वाचक नाकच मुरडेल. तिथल्या लोकांचीच युक्ती वापरा. ते नाव घेतच नाहीत, 'भली माणसं' म्हणतात. वेल्समध्ये 'देखणं कुटुंब' म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाला 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात, तसंच. पात्रांच्या तोंडी असा एक आडून बोलायचा शब्द द्या आणि खरा शब्द कादंबरीत कुठेच येऊ देऊ नका. निम्मी भीती तेवढ्यानेच येते.

उरलेली निम्मी नियमातून येते. या कथा शक्तीवर चालत नाहीत, अटीवर चालतात. वेल्समधल्या कार्मार्थनशरच्या डोंगरातल्या ल्लिन अ वान वाख या तळ्याची कथा बारकाईने बघा. गुराख्याला पाण्यावर एक बाई दिसते. तो पाव पुढे करतो. फार भाजलेला म्हणून ती नाकारते. दुसऱ्या दिवशी कच्ची कणीक नेतो, तीही नको. तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेला पाव ती घेते आणि लग्नाला तयार होते. अट एकच: विनाकारण तीन वेळा मारलंस तर मी परत जाईन.

तो कधीच रागाने मारत नाही, इथेच खरी कारागिरी आहे. बारशाला निघताना ती रेंगाळते, तो हातमोज्याने खांद्यावर टिचकी मारून 'चल, चल' म्हणतो. एक. लग्नात सगळे हसत असताना ती रडते, काय झालं म्हणून तो तिला हात लावतो. दोन. अंत्यविधीला ती हसते, गप्प कर म्हणून पुन्हा हात लावतो. तीन. मग ती आपल्या गुरांना नावाने हाका मारत तळ्याकडे निघते. खाटकाच्या आकड्याला लटकवलेलं काळं वासरूसुद्धा जिवंत होऊन मागे जातं आणि नांगराला जुंपलेले बैल नांगरासकट पाण्यात उतरतात.

राक्षस नाही, युद्ध नाही. अट वाचकाला पहिल्या दहा टक्क्यांतच कळलेली असते. नवरा विसरतो, ती मोजत राहते. तुमच्या कादंबरीतही अशी एकच अट ठेवा. ती मोडणारी कृती इतकी क्षुल्लक हवी की वाचकालाही 'हे मोजलं?' असं वाटावं. आणि अट का, हे कधीच सांगू नका. अटीमागचं शास्त्र समजावणारा म्हातारा आला की कथा मेली.

काळाचं गणित मात्र कागदावर मांडून ठेवा. आयरिश दंतकथेतला वीर ओशीन तीर ना नोग या चिरतारुण्याच्या देशात तीन वर्षं राहिलो असं समजतो, इकडे तीनशे उलटलेली असतात. म्हणजे प्रमाण एकास शंभर: तिकडची एक रात्र म्हणजे इकडचे तीन महिने आणि वर दहा दिवस. परतल्यावर घोड्याचा तंग तुटतो, तो जमिनीवर पडतो आणि क्षणात म्हातारा होतो. प्रमाण कुठलंही घ्या, पण पाचव्या प्रकरणात एक आणि विसाव्यात दुसरं असं झालं की वाचक पकडतोच.

या मंडळींना लोखंड चालत नाही, पण म्हणून त्याची बंदुकीची गोळी करू नका. लोककथेत ते घरगुती राखण म्हणून येतं: बाळाच्या पाळण्यावर आडवा ठेवलेला चिमटा, दारावरचा नाल. आणि प्रदेशांची भेळ टाळा. बॅन्शी आयर्लंडची, ठरावीक घराण्यांतल्या मृत्यूआधी रडणारी बाई. सीली-अनसीली, म्हणजे भली आणि वाईट, ही विभागणी स्कॉटलंडची. कॉरिगन हे बुटके फ्रान्समधल्या ब्रिटनीचे. वसंताचा दरबार, हिवाळ्याचा दरबार ही आधुनिक कादंबऱ्यांची भर आहे. वापरायला हरकत नाही, पण प्राचीन म्हणून खपवू नका.

ही मंडळी बाळ किंवा मोठं माणूस पळवून त्याच्या जागी आपलं ठेवतात, तो प्रसंग घेणार असाल तर जपून. 1895 मध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही 26 वर्षांची बाई, 'ही माझी बायको नव्हे, त्यांनी बदलून ठेवलेली आहे' म्हणणाऱ्या नवऱ्याच्या हातून जळून मेली. त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. बदललेलं मूल खरोखरच बदललेलं आहे असं कथेने निर्धास्तपणे ठरवून टाकलं, तर तुम्ही नकळत त्या नवऱ्याच्या बाजूने लिहीत असता. शंका शेवटपर्यंत जिवंत ठेवा.

जागा तर नकाशावर बोट ठेवता येईल अशीच निवडा. आयर्लंडमध्ये शेतातले जुने मातीचे गोल कोट आणि एकटी हॉथॉर्नची काटेरी झाडं या मंडळींची मानतात. शेतकरी तिथे नांगर घालत नाही. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे असं एक झाड हमरस्त्याच्या आड आलं. कथाकार एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी झाड राखून झाली.

वाचायला 'दूखस' या आयरिश संकेतस्थळावरचा शाळांचा संग्रह घ्या. 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वहीत उतरवून घेतलं, ती पानं तिथे फुकट आहेत. बऱ्याच नोंदी एका पानाच्याही नाहीत: अमक्याने कोटातलं झुडूप तोडलं, अमक्याचा हात वाकडा झाला, बस. अशा वीसेक वाचा आणि तुमचं पहिलं प्रकरण त्याच कोरड्या आवाजात पुन्हा लिहून बघा.