ॲम्ब्युलन्सच्या आधी फेरीचे पैसे

तुमचा प्रश्न असा आहे: आमच्या मित्रमंडळाने वर्गणी जमवली आहे, आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्याला ॲम्ब्युलन्स भेट द्यायचा विचार आहे, तिथल्या लोकांना वेळेवर उपचार मिळायला त्याची खरंच मदत होईल का, की याहून बरं काही करता येईल?

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातला, कापसाच्या धंद्यातला माणूस. २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षं मी टांझानियात, शिन्यांगा भागातल्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर होतो. आमची पिकअप ही त्या पंचक्रोशीतली बाराही महिने चालू असलेली एकमेव चारचाकी. त्यामुळे रात्री फाटकावर थाप पडली की ती बहुतेक वेळा पेशंटसाठीच असायची. त्या नऊ वर्षांच्या आधारावर सांगतो: ॲम्ब्युलन्स देऊ नका. निदान सगळ्यात आधी ती देऊ नका.

व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेचा हा सुकुमा लोकांचा मुलूख. जमीन आपल्या कपाशीच्या रानासारखीच काळी. उन्हात भेगा पडतात, आणि नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात तीच माती चाकाला अशी धरते की दर अर्ध्या मैलाला उतरून फावड्याने चाक मोकळं करावं लागतं. मी ती माती पाहिली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. त्या मातीतून बाळंतीण न्यायची वेळ आली तेव्हा ते वाटणं संपलं.

मार्च २०११ ची रात्र. दहाच्या सुमाराला दोन माणसं भिजून फाटकावर आली. गावच्या झहानातीत, म्हणजे एक नर्स आणि दोन खाटांच्या सरकारी दवाखान्यात, एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. आम्ही निघालो. मागच्या हौद्यात गाद्या, वर ताडपत्री, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. सेहेचाळीस किलोमीटरला चार तास लागले. इस्पितळात पोहोचलो तेव्हा ती बोलत होती. पण तिथल्या रक्ताच्या फ्रिजमध्ये एकही पिशवी नव्हती. माझा रक्तगट जुळला नाही, आमच्या ड्रायव्हरचा जुळला. त्याचं रक्त काढून, तपासून होईपर्यंत ती गेली. बाळ वाचलं.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या रात्रीचे तास मांडत बसायचो. गाडी होती, डिझेल होतं, ड्रायव्हर होता, मग वेळ गेला कुठे? हळूहळू कळत गेलं. रक्तस्राव संध्याकाळीच सुरू झाला होता. नवरा गुरं घेऊन लांब गेलेला. त्याला विचारल्याशिवाय आणि पैशाची सोय झाल्याशिवाय न्यायचं कसं, यात सासूचा वेळ गेला. नर्सच्या फोनमध्ये पैसे नव्हते, म्हणून दोघं जण चालत आमच्याकडे आले, त्यात दोन तास. मग चिखलाचे चार. आणि शेवटचा तास इस्पितळाच्या आत, दिव्याखाली, गादीवर.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली नेमकं हेच मांडलं होतं, मला ते फार उशिरा वाचायला मिळालं. बाळंतपणातले मृत्यू तीन उशिरांनी होतात: घरातून निघायचं ठरवण्यातला, वाटेतला, आणि दारात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. ॲम्ब्युलन्स यातल्या फक्त मधल्याला हात घालते. तोही तिच्यात डिझेल असेल तर.

मधला उशीर लहान आहे असं मला म्हणायचं नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या ४८ देशांतली आणि बेटांवरची सुमारे ४,९०० सरकारी इस्पितळं नकाशावर मांडून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात २९ टक्के लोक जवळच्या इस्पितळापासून दोन तासांहून लांब राहतात असं निघालं. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका पाहणीत तर खंडातल्या शंभरातल्या नऊपेक्षा कमी लोकांना पेशंट वाहून नेणारी कुठली ना कुठली सेवा होती. म्हणजे बाकीचे लोक बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बैलगाडीत, सायकलवर, नाहीतर माणसांच्या खांद्यावर जातात.

आता भेट आलेल्या गाडीचं सांगतो. आमच्यापासून जवळच्या एका आरोग्य केंद्राला परदेशातल्या देणगीदारांनी ॲम्ब्युलन्स दिली होती. पांढरीशुभ्र, आत स्ट्रेचर, ऑक्सिजनची जागा, सगळं. स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि टांझानियात गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. पोट इतकं खाली की पहिल्याच पावसाळ्यात नाल्यात टेकली. मग एक टायर फुटला, त्या मापाचा टायर म्वांझा शहरातही मिळेना. डिझेल कोणाच्या हिशेबात टाकायचं याचा निर्णय झालेला नव्हता, रात्रीच्या ड्रायव्हरचा पगारही मंजूर नव्हता. दुसऱ्या वर्षी मी तिला आंब्याखाली उभी पाहिली, आतल्या स्ट्रेचरवर औषधांचे रिकामे खोके. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं, केंद्रातली माणसंही कामाची होती. पण गाडी विकत घेता येते एकदाच, आणि चालवावी लागते रोज. तो रोजचा खर्च कोणी दिला नव्हता.

बरं काय आहे, याचं उत्तर मी त्याच भागात घडताना पाहिलं. २०१३ च्या सुमाराला शिन्यांगा आणि सेंगेरेमा इथे एक प्रयोग सुरू झाला, पुढे त्याचं नाव एम-मामा पडलं. व्होडाफोन फाउंडेशन, टच फाउंडेशन, पाथफाइंडर आणि सरकार त्यात होते. कल्पना अगदी साधी. गावागावांत गाडी असलेले लोक असतातच: कोणाची जुनी टॅक्सी, कोणाची दुकानाची गाडी. त्यांची नोंदणी करायची. बाळंतीण किंवा नवजात बाळ अडचणीत आलं की घरून किंवा झहानातीतून ११५ या फुकट नंबरवर फोन करायचा. तिकडे बसलेली व्यक्ती ठराविक प्रश्न विचारून ठरवते की न्यायला हवं का आणि कुठे. सरकारी ॲम्ब्युलन्स मोकळी असेल तर ती, नसेल तर सगळ्यात जवळचा नोंदलेला ड्रायव्हर. जिथे पेशंट न्यायचा तिथे आधीच कळवलं जातं. पेशंट पोहोचला की ड्रायव्हरच्या मोबाइलवर एम-पेसाने, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेने, भाडं जमा. बाईच्या घरच्यांना एक शिलिंगही काढावा लागत नाही.

यात काय काय सुटलं ते बघा. सासूला पैशासाठी थांबायला नको. नर्सच्या फोनमधल्या पैशांचा प्रश्न नाही. चालत जाऊन कोणाचं फाटक ठोठवायला नको. ड्रायव्हरला भाडं बुडण्याची भीती नाही, आणि ही भीती खरी असते. गरिबाकडून भाडं मागायचं कसं म्हणून रात्री फोनच न उचलणारे भले लोक मी पाहिले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांनी ही योजना देशभर न्यायची घोषणा केली, आणि ती झांझिबारपर्यंत पोहोचली. टांझानियाच्या सरकारी पाहण्यांत लाख जिवंत जन्मांमागे २०१५-१६ ला ५५६ मातामृत्यू होते, २०२२ ला १०४. एवढी मोठी घट एका योजनेच्या खात्यावर मांडू नये, त्यामागे नवीन आरोग्य केंद्रं आणि शस्त्रक्रियेची सोय आहे, पाहणीच्या आकड्यांतही कमीजास्त असतं. पण दिशा खरी आहे. उणीव एकच मोठी: ही सोय बाळंतीण आणि बाळापुरती. साप चावलेला गुराखी किंवा बोडाबोडावरून पडलेला पोरगा अजून नशिबावरच आहे.

जिथे चारचाकीच नाही तिथे लहान वाहन. मलावीत मांगोची जिल्ह्यात २००१-०२ मध्ये दुर्गम केंद्रांवर बाजूला स्ट्रेचर जोडलेल्या मोटारसायकली ठेवल्या. अडलेल्या बाळंतिणीला पोहोचायला लागणारा वेळ दोन ते साडेचार तासांनी कमी झाला, आणि गाडीची किंमत चारचाकी ॲम्ब्युलन्सच्या एकोणिसाव्या हिश्शाएवढी. आणि जिथे तीही चढत नाही त्या युगांडाच्या नैर्ऋत्येच्या डोंगरांत एंगोझी नावाची मंडळं आहेत. एंगोझी म्हणजे विणलेला स्ट्रेचर. आपल्याकडे मेळघाटात, गडचिरोलीत झोळी करून पेशंट आणतात तसंच, पण तिथे त्याला मंडळाचं रूप आहे: प्रत्येक घर सभासद, प्रत्येकाची वर्गणी, कोणी आजारी पडलं की पाळीप्रमाणे खांदा द्यायचा. १९९६ मध्ये किसिझी इथल्या मिशन इस्पितळाने आपली आरोग्यविम्याची योजना याच मंडळांवर उभी केली. लोक एकमेकांना आधीच ओळखत होते, पैसे एकत्र ठेवायची सवय होती. बाहेरून काही नवीन न्यायच्या आधी असं काही तिथे आहे का, हे विचारावं असं मला फार वाटतं.

औषध पुढे पाठवून वाट लहान करता येते का? येते, पण त्यालाही अट आहे. लहान मुलांना तीव्र मलेरिया झाला, झटके येऊ लागले, तोंडाने औषध जात नाही, तेव्हा गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेटची कॅप्सूल असते. सुईची गरज नाही, गावातली स्वयंसेविकासुद्धा देऊ शकते. मुंबईची सिप्ला ती बनवते, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१८ ला मिळाली. झांबियाच्या सेरेन्जे जिल्ह्यात २०१७-१८ मध्ये ही कॅप्सूल दिली, आणि सोबत सायकल-ॲम्ब्युलन्स, शिकवलेले स्वयंसेवक, गावचा अडीअडचणीचा निधी हेही उभं केलं. तीव्र मलेरियाच्या मुलांतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ०.२५ टक्क्यांवर आले. मग काँगो, नायजेरिया आणि युगांडात तीच कॅप्सूल मोठ्या प्रमाणावर गेली, पण पुढे इस्पितळात नेण्याची व्यवस्था होती तशीच कच्ची राहिली. तिथे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विस्तार थांबवायला सांगितलं, आणि नंतर पुढच्या उपचाराची सोय असेल तिथेच वापरा अशा सूचना दिल्या. कॅप्सूल तीच. सेरेन्जेत तिच्या पुढची वाट बांधलेली होती.

आणि तिसरा उशीर, जो मी डोळ्यांनी पाहिला. देणगीदार तिथे क्वचित पोहोचतात, कारण रिकाम्या रक्ताच्या फ्रिजसमोर फोटो काढण्यासारखं काही नसतं. रवांडाने २०१६ मध्ये मुहांगाहून ड्रोनने रक्त पाठवायला सुरुवात केली. डोंगराळ देश आहे, रस्त्याने तासन्‌तास लागायचे. त्यात मला आवडलेली गोष्ट वेगापेक्षा वेगळी आहे: रक्त एका जागी साठवून मागणी आली की पाठवलं जातं, त्यामुळे लहान इस्पितळांत मुदत संपून फुकट जाणाऱ्या पिशव्या खूप कमी झाल्या. पण सगळं एवढं खर्चिक नसतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० इस्पितळांत झालेला एक अभ्यास २०२३ ला प्रसिद्ध झाला. बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, म्हणजे रक्त किती गेलं ते अंदाजाने नाही, मोजून कळतं. ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की गर्भाशयाची मालिश, औषधं, सलाइन आणि तपासणी एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. जास्त रक्तस्रावाचे गंभीर प्रसंग ६० टक्क्यांनी घटले. अशी मोजपिशवी बेळगाव जिल्ह्यातल्या बाळंतिणींच्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ ला आले, वापरली गेली होती. ती पिशवी त्या रात्री त्या झहानातीत असती, तर नर्सने संध्याकाळीच माणूस पाठवला असता का, हे मी अजूनही स्वतःला विचारतो.

तर तुमच्या वर्गणीचं काय करावं. ज्या जिल्ह्यात काम करायचं तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून आधी चालू असलेल्या व्यवस्थेचा शोध घ्या. असेल तर तिच्या फेऱ्यांचे, टायरांचे, डिझेलचे पैसे द्या, आणि एक वर्षाचे नको, चार-पाच वर्षांचे कबूल करा. रक्कम लहान असली तरी चालेल. कबुली मोडू नका, कारण ड्रायव्हरचा विश्वास एकदा बुडालेल्या भाड्याने जातो आणि मग रात्रीचा फोन वाजत राहतो. मोजपिशव्या, रक्तदानाची शिबिरं, नर्सेससाठी जागतिक आरोग्य संघटनेचं तातडीच्या उपचारांचं पायाभूत शिक्षण, बोडाबोडावाल्यांना रक्त थांबवायचं आणि पेशंट उचलायचं शिक्षण, यांत थोडा पैसा फार लांब जातो. एवढं करूनही त्या जिल्ह्याने स्वतःहून गाडीच मागितली, आणि डिझेल, टायर, रात्रपाळी कोणाच्या हिशेबात हे लिहून दाखवलं, तर जरूर द्या. उजव्या स्टिअरिंगची, उंच पोटाची, आणि जिचे सुटे भाग तिथल्या बाजारात मिळतात अशी.

आमच्या त्या ड्रायव्हरने नंतर स्वतःची जुनी गाडी घेतली आणि ११५ वर नाव नोंदवलं. गाडीत कायम एक फावडं, एक ताडपत्री, बॅटरी आणि दोन धुतलेल्या खांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ती सुती कापडं, असतात. गेल्या दिवाळीत त्याने शुभेच्छा द्यायला फोन केला. मी विचारलं, काही हवं का? तो म्हणाला, मागचे दोन टायर घासलेत, पावसाच्या आत बदलायला हवेत. मी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.