बालविवाह रोखायचाय? दिवाळीआधी कामाला लागा

साथ येण्याआधी लस टोचतात, तसंच इथेही. मांडवात जाऊन लग्न थांबवणं हा शेवटचा उपाय. बीडच्या ऊसतोड पट्ट्यात मजुरांच्या टोळ्या साधारण दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला निघतात. मुलीला मागे ठेवायची भीती आणि नवरा-बायकोच्या जोडीला (तिला 'कोयता' म्हणतात) मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, यापायी लग्नं उरकतात. म्हणून सप्टेंबरातच शाळेचा हजेरीपट बघा: कोण सलग गैरहजर, कोणाचे आईबाप जाणार. अशा मुलीची सोय आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात आधी लावा; नुसत्या भाषणांनी भीती जात नाही. तारीख ठरलीच तर ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. न्यायालयाचा मनाईहुकूम मोडून लावलेलं लग्न २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने रद्दबातलच असतं. लग्न लावणार नाही असं आईबापांचं हमीपत्र घेऊन फाईल मात्र बंद करू नका. तीच मुलगी महिनाभरात मामाच्या गावी बोहल्यावर चढवली जाऊ शकते. ती वर्गात दिसते का, हे दर आठवड्याला विचाराच.