बडोद्यात गोल्फ शिकतोय, फटका मारताना डावं कोपर वाकतं. दंडाला बांधायचा स्विंगचा पट्टा घ्यावा का?

घ्या, पण आधी पंचा वापरून पाहा. नवशिक्याचं कोपर बहुधा हात कमजोर म्हणून वाकत नाही. खांदे पुरेसे वळत नाहीत आणि मग हातच क्लब (गोल्फची काठी) वर ओढतात. मी एक मोसम कोपराचा पट्टा वापरलाय. कोपर वाकलं की तो 'टक्' वाजतो, म्हणजे चूक कळते, पण खांदे वळवायला शिकवत नाही. त्यासाठी छातीवरून आडवा पंचा घेऊन दोन्ही टोकं काखांत दाबा आणि ९ नंबरच्या आयर्नने (आखूड लोखंडी क्लबने) अर्धाच स्विंग करा. पंचा पडला तर हात छातीपासून सुटले. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब क्लबच्या) पूर्ण स्विंगला हे करू नका, तिथे हात थोडे सुटायलाच हवेत. यानंतरही कोपर वाकत असेल तर पट्टा घ्या, आणि दहा चेंडू पट्टा बांधून, दहा पट्टा सोडून असं मारा. सतत बांधलात तर शरीर त्याच्याच भरवशावर राहतं. (मे महिन्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या गोल्फ मैदानावर जाड रबरी पट्टा म्हणजे शिक्षा, जाळीदार बघा.)

एक लक्षात ठेवा: गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे सामना सुरू असताना असं साधन बांधून फटकाच काय, सरावाचा स्विंगही चालत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) पहिल्यांदा दोन फटक्यांचा दंड, पुन्हा केलंत तर बाद. पंचा काखेत धरून मारलं तरी तेच.